फिलिंग पुन्हा पुन्हा का निघते? दाताच्या बाँडमधले द्रावक आणि पूरक घटक



गेल्या उन्हाळ्यात विहाराच्या सभागृहात आम्ही आरोग्यवर्ग घेत होतो. विषय रक्तदाबाचा होता. वर्ग संपल्यावर एक ताई मागे थांबल्या. चार घरी स्वयंपाकाचे काम करतात. त्यांनी पदराची गाठ सोडून कागदाची पुडी काढली. पुडीत पांढरा खडा होता. "सिस्टर, हे दाढेतलं सिमेंट. दीड वर्षात तिसऱ्यांदा निघालं. डॉक्टर म्हणतात, तुमचा दातच धरत नाही. माझ्या दातातच काही खोट आहे का हो?"

तीन वेळा फी गेली. तीन वेळा अर्ध्या दिवसाचा खाडा झाला. शिवाय दर वेळी फिलिंग नव्याने भरताना दात थोडा थोडा कोरला गेला, तो वेगळाच. त्या दिवशी आमच्याकडे उत्तर नव्हते. नर्सिंगच्या डिप्लोमात आम्ही रुग्णाच्या तोंडाची निगा शिकलो, पण फिलिंग दाताला कशाने चिकटते हे कोणी शिकवले नव्हते. मग आम्ही शिबिरात येणाऱ्या एका दंतवैद्य भगिनींच्या खुर्चीशेजारी बसायला लागलो. त्यांच्याकडून आणि वाचनातून जे समजले, ते या पाठात मांडत आहोत.

हा पाठ दोघांसाठी आहे. एक, ज्यांच्या दातात पांढरे सिमेंट भरले जाते त्या सर्वांसाठी. दुसरा, दातांच्या दवाखान्यात मदतनीस म्हणून काम करणाऱ्या आपल्या वस्तीतल्या मुलामुलींसाठी. बाटली त्यांच्याच हातात असते, पण त्या बाटलीत काय आहे हे त्यांना सहसा कोणी सांगत नाही.

सिमेंट आणि दात यांच्यामध्ये काय असते?

आपण ज्याला पांढरे सिमेंट म्हणतो ते बहुतेक वेळा कॉम्पोझिट असते, म्हणजे राळेसारखा कृत्रिम पदार्थ आणि काचेची बारीक पूड यांचे मिश्रण. हे कॉम्पोझिट स्वतःहून दाताला चिकटत नाही. मध्ये एक पातळ द्रव लावावा लागतो. दवाखान्यात त्याला नुसते 'बाँड' म्हणतात. फिलिंग टिकणे न टिकणे बऱ्याच अंशी या बाँडवर ठरते.

याचा इतिहास थोडक्यात पाहू. अमेरिकेतील रॉचेस्टर येथील मायकेल बुओनोकोर यांनी १९५५ मध्ये एक साधी गोष्ट दाखवली. धातूवर रंग नीट बसावा म्हणून कारखान्यात फॉस्फोरिक आम्ल वापरतात, हे त्यांना माहीत होते. त्यांनी ८५ टक्के फॉस्फोरिक आम्ल ३० सेकंद दाताच्या वरच्या आवरणाला लावले. आवरणावर अतिसूक्ष्म खड्डे पडले आणि त्या खड्ड्यांत राळ घट्ट अडकली. आज हेच काम साधारण ३५ ते ३७ टक्के आम्लाने करतात. दवाखान्यात त्याला 'एचिंग' म्हणतात. निळी किंवा हिरवी जेल दाताला लावतात, ती हीच.

वरचे आवरण, म्हणजे इनॅमल, वजनाने सुमारे ९६ टक्के खनिज असते. ते कोरडे आणि कडक असल्यामुळे त्याला चिकटवणे सोपे जाते. अडचण त्याच्या खालच्या थरात आहे. त्याला डेंटीन म्हणतात. डेंटीनमध्ये सुमारे ७० टक्के खनिज, २० टक्के प्रथिने आणि १० टक्के पाणी असते. एका चौरस मिलिमीटरमध्ये हजारो बारीक नळ्या असतात आणि त्यांतून आतल्या जिवंत भागाचे पाणी सतत पाझरते. म्हणजे बाँड ओल्या जमिनीवर चिकटवायचा असतो.

आम्ल लावल्यावर डेंटीनच्या वरच्या काही मायक्रॉन भागातले खनिज विरघळते. ही जाडी आपल्या केसाच्या दहाव्या हिश्श्याइतकी असेल. खनिज गेल्यावर कोलॅजेन नावाच्या प्रथिनाच्या तंतूंची जाळी उघडी पडते. बाँडने या जाळीत शिरायचे, तंतूंच्या मधल्या फटी भरायच्या आणि तिथेच कडक व्हायचे. जपानच्या नाकाबायाशी यांनी १९८२ मध्ये हा मिश्र थर दाखवून दिला. त्याला हायब्रीड थर म्हणतात. अर्धा दात आणि अर्धी राळ असा तो थर आहे, आणि फिलिंगची खरी पकड तिथेच असते.

ही पकड मेगापास्कलमध्ये मोजतात. काढलेल्या दातावर कॉम्पोझिट चिकटवून ते यंत्राने ओढून तोडतात आणि किती जोर लागला ते पाहतात. २० मेगापास्कल म्हणजे एका चौरस मिलिमीटरवर सुमारे २ किलोचा जोर. एवढी पकड कशाला हवी? कारण निळ्या लाइटने कडक होताना कॉम्पोझिट साधारण २ ते ३ टक्के आक्रसते आणि दाताच्या भिंतीपासून सुटू पाहते. पकड कमी पडली तर भरल्या दिवशीच कडेला फट राहते. त्या फटीतून पाणी आणि जंतू आत जातात. फिलिंग काही महिन्यांनी निघते, पण सुरुवात पहिल्याच दिवशी झालेली असते.

द्रावकाचे काम : आत न्यायचे आणि निघून जायचे

आता मुख्य मुद्दा. बाँडमधली राळ नुसती घेतली तर ती मधासारखी दाट असते. ती ओल्या जाळीत शिरत नाही. म्हणून ती द्रावकात विरघळवतात. रंगकाम करणाऱ्या आपल्या भावांना हे लगेच कळेल. द्रावक म्हणजे बाँडमधला थिनर. थिनरमुळे रंग लाकडाच्या रेषांत शिरतो. पण थिनर उडून जाण्याआधी दुसरा हात मारला तर फुगे येतात आणि रंग सोलून निघतो. दातातही नेमके हेच होते.

बाँडमध्ये मुख्यतः तीन द्रावके वापरतात: ॲसिटोन, इथेनॉल म्हणजे अल्कोहोल, आणि पाणी. तिघांचे स्वभाव वेगळे आहेत.

ॲसिटोन म्हणजे नखांचे पॉलिश काढायला वापरतात तो पदार्थ. तो ५६ अंश सेल्सिअसला उकळतो, म्हणून तिघांत सर्वांत लवकर उडतो. तो पाण्यात मिसळतो आणि जाताना जाळीतले पाणीही सोबत घेऊन जातो. हा त्याचा मोठा गुण. पण त्याला जाळी ओलसर लागते. आम्ल धुतल्यावर डेंटीन हवेने खडखडीत वाळवले तर कोलॅजेनचे तंतू एकमेकांना चिकटून बसतात. नदीत बुडी मारली की केस पाण्यात मोकळे पसरतात आणि डोके बाहेर काढले की बटा चिकटतात, तसेच हे आहे. ॲसिटोन या चिकटलेल्या बटा पुन्हा मोकळ्या करू शकत नाही. मग राळ वरच राहते आणि पकड बरीच घटते. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला जॉन कान्का यांनी ओलसर डेंटीनवर बाँड लावण्याची पद्धत पुढे आणली, ती याच कारणाने.

इथेनॉल ७८ अंशांना उकळतो. तो ॲसिटोनपेक्षा हळू उडतो. पाण्याशी त्याची घट्ट मैत्री असल्यामुळे पाण्यासह तो आणखी रेंगाळतो. ओल कमीजास्त झाली तर ॲसिटोनपेक्षा थोडे सांभाळून घेतो, पण हवा जास्त वेळ द्यावी लागते.

पाणी १०० अंशांना उकळते. वाळून चिकटलेली जाळी पुन्हा फुगवण्याची ताकद पाण्यात आहे. ज्या बाँडमध्येच आम्ल असते, म्हणजे वेगळे एचिंग करावे लागत नाही, त्यात पाणी हवेच, कारण पाण्याशिवाय ते आम्ल काम करत नाही. पण पाणी बाहेर काढणे सर्वांत कठीण.

द्रावक मागे राहिले तर काय होते? एक, राळेचे रेणू एकमेकांपासून दूर राहतात आणि लाइट दिला तरी पुरते जोडले जात नाहीत. थर मऊ राहतो. दोन, द्रावकाच्या थेंबांच्या जागी सूक्ष्म पोकळ्या राहतात. तीन, पाणी राहिले तर पाणीप्रिय आणि पाण्याला नको म्हणणारी राळ एकमेकांपासून फुटून वेगळी होते, फाटलेल्या दुधासारखी. अशा थरातून पुढे पाणी झिरपत राहते. त्यामुळे सुरुवातीला कशीबशी धरलेली पकड महिन्यागणिक कमी होते.

थोडेसे द्रावक रेणूंना हालचालीला मदत करते हे खरे आहे, आणि ते शंभर टक्के काढणे शक्यही नसते. पण प्रत्यक्ष दवाखान्यात चूक बहुतेक एकाच बाजूला होते. घाईत हवा कमी दिली जाते.

योग्य पद्धत कशी असते? डेंटीनवर आम्ल साधारण १५ सेकंद. मग पाण्याने नीट धुणे. मग जास्तीचे पाणी टिपून घेणे, जेणेकरून पृष्ठभाग चमकेल पण पाण्याचे तळे राहणार नाही. मग बारीक ब्रशने बाँड नुसता न टेकवता १५ ते २० सेकंद घासत लावणे, म्हणजे तो जाळीत शिरतो. मग हवा. आधी हळू, म्हणजे द्रव कोपऱ्यात उडून साचत नाही, आणि मग थोडी जोराने. खूण एकच: द्रवाची थरथर थांबली पाहिजे. हवा देताना द्रव लाटेसारखा हलत असेल तर द्रावक अजून आत आहे. थर हलायचा थांबून एकसारखा चमकू लागला, की मग लाइट. बहुतेक कंपन्यांच्या पत्रकात हवा किमान ५ सेकंद द्यायला सांगितलेली असते. पाणी आणि इथेनॉल असलेल्या बाँडला त्याहून जास्त वेळ दिला तर फायदाच होतो, असे प्रयोगांत दिसले आहे. सेकंदांचे नेमके आकडे बाँडप्रमाणे बदलतात, म्हणून त्या बाटलीचे पत्रक वाचणे हाच नियम.

पूरक घटक : मीठ लागते तेवढेच

बाँडमध्ये राळ आणि द्रावकाशिवाय आणखी काही घटक थोड्या प्रमाणात घालतात. प्रत्येक घटक काहीतरी चांगले करतो, आणि जास्त झाला की तोच बिघडवतो. आमटीतल्या मिठासारखे.

हेमा. हा लहान रेणू पाणीप्रिय आहे. ओल्या डेंटीनवर राळ पसरायला आणि जाळीत शिरायला तो मदत करतो. पाणी आणि राळ फुटून वेगळी होऊ नयेत, हेही पाहतो. पण तोच पाण्याला धरून ठेवतो, त्यामुळे हवा दिली तरी पाणी सहज उडत नाही. आणि कडक झाल्यावरही हेमा जास्त असलेला थर तोंडातले पाणी शोषून फुगतो आणि हळूहळू कमजोर होतो. पहिल्या दिवशी पकड चांगली, वर्षभराने उतरलेली, असा अनुभव येण्यामागे हे एक कारण आहे.

एमडीपी. याचे पूर्ण नाव लांबलचक आहे, दवाखान्यात दहा-एमडीपी म्हणतात. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला जपानमध्ये तो तयार झाला. इतर घटक जाळीत अडकून पकड देतात, एमडीपी दाताच्या कॅल्शियमशी रासायनिक नाते जोडतो. त्यातून तयार होणारा क्षार पाण्यात सहज विरघळत नाही, म्हणून पकड जास्त काळ टिकते. आज अनेक बाटल्यांवर त्याचे नाव ठळक लिहिलेले असते. गुण खरा आहे. पण हवा नीट न देता वापरला तर त्याचाही उपयोग होत नाही.

प्रकाशाने जागा होणारा घटक. बहुतेक बाँडमध्ये कॅम्फरक्विनोन नावाचा पिवळा पदार्थ आणि त्याचा जोडीदार अमाइन असतो. निळा प्रकाश पडला की हे दोघे राळेचे रेणू जोडायला सुरुवात करतात. प्रमाण कमी पडले किंवा लाइट दुर्बल असला, दातापासून लांब धरला, तर थर कच्चा राहतो. उलट, बाँडचा थेंब काढून खुर्चीच्या मोठ्या दिव्याखाली ठेवला तर तो ब्रशला लागण्याआधीच घट्ट व्हायला लागतो.

काचेची किंवा सिलिकाची अतिसूक्ष्म पूड. थोडी पूड थराला मजबुती देते आणि तो फार पातळ होऊ देत नाही. पूड जास्त झाली तर बाँड दाट होतो, कण गोळा होतात आणि राळ जाळीत शिरत नाही.

क्लोरहेक्सिडीन. हे नाव तोंड धुण्याच्या औषधामुळे आपल्याला ओळखीचे आहे. डेंटीनमध्ये काही विकरे म्हणजे एन्झाइम दडलेली असतात. आम्लामुळे ती जागी होतात, आणि राळेने न झाकलेले कोलॅजेनचे तंतू हळूहळू कुरतडतात. क्लोरहेक्सिडीन त्या विकरांना आवरते. म्हणून एचिंगनंतर ते लावून मग बाँड लावावा, असे सुचवले गेले. याने पहिल्या दिवसाची पकड वाढत नाही, पण काढलेले दात काही महिने पाण्यात ठेवून तपासले तर पकड कमी घसरलेली दिसते. मात्र रुग्णांच्या तोंडात घेतलेल्या चाचण्यांत फिलिंग जास्त टिकल्याचे स्पष्ट दिसलेले नाही. आमच्या मते हा मुद्दा सर्वांत शिकण्यासारखा आहे. प्रयोगशाळेतला दात आणि माणसाच्या तोंडातला दात यात अंतर आहे. म्हणून कुणी 'यात अमुक घटक आहे, आता कधीच निघणार नाही' असे म्हणाले, तर दोन प्रश्न विचारावेत: ही ताकद पहिल्या दिवसाची की वर्षानंतरची? आणि ती टेबलावर मोजली की तोंडात?

नको असलेले पूरक घटक

काही पदार्थ बाटलीत नसतात. आपण किंवा दवाखाना ते बाहेरून मिसळतो.

लवंगाचे तेल हे त्यातले पहिले. दाढ ठणकली की आपल्याकडे घरोघरी कापसाच्या बोळ्यावर लवंगाचे तेल ठेवतात. त्याने ठणका कमी होतो हे खरे. पण त्यातले युजेनॉल राळेच्या रेणूंना जोडले जाऊ देत नाही. तेल लावले असेल तर फिलिंगच्या आधी डॉक्टरांना जरूर सांगा. ते दात नीट साफ करतील किंवा दुसरा मार्ग घेतील. तात्पुरत्या फिलिंगच्या काही सिमेंटमध्येही हेच तेल असते.

दात पांढरे करण्याच्या औषधात पेरॉक्साइड असते. त्याचा प्राणवायू काही दिवस दातात राहतो आणि बाँडला कडक होऊ देत नाही. असे औषध वापरले असेल तर फिलिंगला साधारण दोन आठवडे थांबतात.

लाळ आणि रक्त. बाँड लावल्यावर एक थेंब लाळ लागली तरी पुन्हा सुरुवात करावी लागते. कापसाच्या गुंडाळ्या किंवा रबराचा पडदा लावतात, तो यासाठी. तोंडात गुदमरल्यासारखे वाटते म्हणून आपण तो नको म्हणतो. थोडे सोसावे, आपल्याच फायद्याचे आहे.

आणि हवेतले तेलपाणी. खुर्चीला हवा देणाऱ्या कॉम्प्रेसरमध्ये पाणी साचते, कधी तेलही येते. पावसाळ्यात जास्त. मदतनिसांनी सकाळी हवेची नळी आरशावर किंवा कोऱ्या कागदावर फुंकून पाहावी. थेंब किंवा डाग दिसला तर डॉक्टरांना सांगावे. द्रावक वाळवायला दिलेली हवाच ओली असेल तर सगळी मेहनत वाया जाते.

मदतनीस भावंडांनो, बाटली आणि हात सांभाळा

बाँडचा थेंब वापराच्या क्षणीच काढा. सकाळीच दिवसभराचे थेंब काढून ठेवू नका. बाटलीचे टोपण लगेच लावा. टोपण उघडे राहिले तर ॲसिटोन सर्वांत आधी उडून जाते, आणि उरलेला बाँड दाट होतो. बाटली भरलेली दिसते, पण आतले प्रमाण बिघडलेले असते. विदर्भ-मराठवाड्याच्या मे महिन्यात तर हे फार लवकर होते. पत्रकात जे तापमान दिले आहे त्या तापमानाला बाटली ठेवा, आणि मुदत संपलेली बाटली वेगळी काढा. फ्रिजमधून काढलेली बाटली थोडा वेळ बाहेर ठेवून मग वापरा.

आणि हात. हेमा आणि त्याच्या जातीचे पदार्थ त्वचेला ॲलर्जी करतात. बोटांची टोके लाल होणे, खाज, भेगा, साल निघणे ही लक्षणे आहेत. साबणाने होत असेल म्हणून मुली दुर्लक्ष करतात. हेमा साध्या पातळ हातमोज्यातून काही मिनिटांत आत जातो. म्हणून बाँड मोज्याला लागला तर मोजा लगेच काढा, हात धुवा, नवा घाला. बाटलीच्या तोंडावरचा ओघळ बोटाने पुसू नका. एकदा ॲलर्जी झाली की ती सहसा जन्मभर राहते. नेलपार्लरमध्ये जेल पॉलिश लावणाऱ्या मुलींनाही याच पदार्थाची ॲलर्जी होते, तेव्हा त्यांनाही हा भाग वाचून दाखवा. 'हातमोजे बदलायला पैसे पडतात' असे मालक म्हणाला, तर आपण एकेकटे न बोलता मिळून बोलावे.

प्रत्येक दाताला बाँडच हवा असे नाही

जिथे दात कोरडा ठेवता येत नाही, वीज नाही, मूल खुर्चीत स्थिर बसत नाही, तिथे काचेच्या पुडीचे दुसरे सिमेंट आहे. त्याला ग्लास आयनोमर म्हणतात. इंग्लंडमध्ये विल्सन आणि केंट यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला ते पुढे आणले. त्याला वेगळा बाँड लागत नाही आणि उडवायला द्रावकही नसते. ते दाताच्या कॅल्शियमशी स्वतःच जोडले जाते आणि थोडे फ्लोराइडही सोडते. चावण्याचा मोठा जोर येतो तिथे ते कॉम्पोझिटपेक्षा लवकर झिजते. पण शाळेच्या शिबिरात, दुधाच्या दातांत, हिरडीजवळच्या खड्ड्यात ते उत्तम काम करते. 'स्वस्तातले सिमेंट' म्हणून त्याला नाक मुरडू नये. घाईत लावलेल्या महागड्या बाँडपेक्षा जागा पाहून नीट भरलेले ग्लास आयनोमर बरे.

दवाखान्यात काय विचारावे?

बाँडचे नाव आणि किंमत विचारून फारसे हाती लागत नाही. त्यापेक्षा हे करा. घरी तेल, पांढरे करण्याचे औषध, काही लावले असेल ते आधी सांगा. 'डॉक्टर, दात कोरडा ठेवायला पडदा लावता का?' असे नम्रपणे विचारा. याआधी किती वेळा फिलिंग निघाले ते सांगा आणि निघालेला तुकडा सोबत न्या. तुकड्याला दाताचा भाग चिकटून आला आहे की तो गुळगुळीत निघाला आहे, यावरून डॉक्टरांना अंदाज येतो. आणि काम चालू असताना घाई करू नका. 'लवकर करा, कामावर जायचंय' हे आपणही म्हणतो. बाँड घासण्याचे वीस सेकंद आणि हवेचे दहा सेकंद आपल्यासाठीच आहेत.

फिलिंग निघण्याची इतर कारणेही असतात: आत कीड राहणे, खड्डा फार मोठा असणे, रात्री दात खाण्याची सवय, चावा उंच राहणे. म्हणून केवळ निघालेला खडा पाहून कोणाला दोष देणे बरोबर नाही. पण 'तुमचा दातच धरत नाही' हे वाक्य ऐकून गप्प बसणेही बरोबर नाही. दात कसा धरतो, हे आता आपल्याला माहीत आहे.

त्या ताई नंतर शिबिरात आल्या. दंतवैद्य भगिनींनी तपासले. खड्डा हिरडीच्या खाली गेला होता आणि तिथे सतत ओल येत होती. त्यांनी तळाला ग्लास आयनोमर भरले, वर पडदा लावून बाँड आणि कॉम्पोझिट केले. हवा देताना त्यांनी आम्हाला वाकून पाहायला सांगितले. द्रव थरथरला, मंद झाला, थांबला. मगच लाइट लागला. फिलिंग अजून जागेवर आहे. एका दाताने काही सिद्ध होत नाही, हे आम्हाला माहीत आहे. पण ताईंनी मागच्या वर्गात स्वतः उठून सगळ्यांना सांगितले, "माझ्या दातात खोट नव्हती." हे त्यांना तीन फिलिंगनंतर कळले. आपल्या वस्तीत ते पहिल्याच फिलिंगच्या आधी कळावे, एवढ्यासाठी हा पाठ.

अभ्यासवर्गासाठी प्रश्न

१. आम्ल धुतल्यावर डेंटीन खडखडीत वाळवले तर कोलॅजेनच्या जाळीचे काय होते? ॲसिटोन आणि पाणी यांच्या वागण्यात तेव्हा काय फरक पडतो?

२. लाइट देण्याआधी द्रावक निघाले की नाही, हे डोळ्यांनी कसे ओळखाल?

३. हेमाचा एक फायदा आणि दोन तोटे सांगा.

४. तुमच्या ओळखीत दातांच्या दवाखान्यात किंवा नेलपार्लरमध्ये काम करणारे कोण आहे? त्यांच्या बोटांची टोके पाहा आणि पुढच्या वर्गात त्यांना सोबत आणा.